पोटापुरतं

आमच्या कोळीवाड्यात बंदरावर उभं राहून कुणाला "आज किती मिळालं?" असं विचारायचं नसतं. विचारणारा एक तर बाहेरचा, नाहीतर जळका. बोट लागली, माणसं उतरली, की फार तर "बरं ना?" एवढंच म्हणायचं. आणि बोटवाल्याने, मग त्याची बोट माशांच्या वजनाने पाण्यात बसलेली सगळ्यांना दिसत का असेना, तोंड पाडून सांगायचं, "हाय पोटापुरतं." टोपली घरी आणताना तिच्यावर ओलं फडकं टाकायचं. रावस किंवा घोळ लागली असेल तर ती तळाला आणि वर चार मांदेली पसरायची. माझी एक चुलती अंगभर सोनं घालून अंधेरीच्या बाजारात बसायची आणि धंद्याचं विचारलं की "पोटापुरतं" म्हणायची. माझ्या भावाने एकदा तिला तोंडावर विचारलं होतं, काकी, तुझं पोट आहे तरी केवढं गं? तिने त्याला सुकटीचं सूप फेकून मारलं, पण हसत हसत.

आमच्या लेखी हे खोटं बोलणं नव्हतंच. दारात मीठ-मिरची ओवाळतो, बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावतो, तसंच हे. समुद्र देतो ते गुपचूप घ्यायचं, मोठ्याने बोललं की नजर लागते. माझा धाकटा मामा, आईचा लाडका भाऊ, एका हंगामात जाळ्यात घोळीचा अख्खा थवा घेऊन आला. आनंदाच्या भरात बंदरावर उडी मारून तो आकडा ओरडत सुटला, या रे, मोजा रे. पुढच्याच उधाणाला तो गेला तो आला नाही. तेव्हापासून कुणी जरा मोठ्याने बोललं की म्हातारी माणसं मामाचं उदाहरण द्यायची. आई तिथे बसलेली असली तरी द्यायची. असल्या माणसांच्या जिभेला हाड नसतं.

माझ्या बाबांनी हे सगळ्यात मनावर घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं. आमच्या बोटीला त्यांनी माझ्या भावाचंच नाव दिलेलं. पिवळ्या रंगात नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यामुळे बोटीला नजर लागली म्हणजे पोराला नजर लागली, असा त्यांचा सरळ हिशेब. मासा भरपूर मिळाला की ते जास्तच गप्प व्हायचे. आम्ही घरच्यांनी त्यांच्या गप्प बसण्यावरून ओळखायचं की आज चांगला दिवस आहे.

भावाला मी दादूस म्हणायचे. मामा गेल्यावर आईने एकच गोष्ट धरून ठेवली होती, की हा पोरगा पाण्यावर जाणार नाही. कोळ्याच्या पोराने पाण्यावर जायचं नाही म्हणजे काय करायचं, असं सगळा वाडा विचारायचा. आईने कुणाचं ऐकलं नाही. दादूस दहावीला जेमतेम पास झाला आणि तिने त्याला आयटीआयमध्ये घातला, फ्रीज आणि बर्फाची मशीन दुरुस्त करायच्या कोर्सला. त्याला ते आवडलंही. त्याच्या नखांत कायम काळं ग्रीस असायचं. कुणाच्या फ्रीजला कान लावून तो दुखणं सांगायचा, आणि बरोबर निघालं की स्वतःच "झकास!" म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा. मी तेव्हा अंधेरीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मला तो मास्तरीण म्हणून चिडवायचा आणि मी त्याला ग्रीसबाबा.

कोर्स झाला आणि नोकरी कुठे नव्हती. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. गिरण्यांतली कामं गेलेली माणसं उपनगरभर काम शोधत फिरत होती. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येक फाटकावर 'जागा नाही'ची पाटी. दादूस एका एसी दुरुस्तीच्या दुकानात पाना-पक्कड उचलायला लागला, पण ते काम उन्हाळ्यापुरतं. उरलेलं वर्ष तो घरात. आणि बाबांच्या बोटीवर खलाशी कमी पडला की बाबांची नजर त्याच्याकडे वळायची आणि आईची बाबांकडे.

अशात बातमी आली की मच्छीमारांचा एक मोठा संघ आमच्या किनाऱ्यावर मासळीचा कारखाना काढणार आहे. बर्फ तयार करायचा, कोलंबी सोलायची, गोठवायची आणि बाहेरदेशी पाठवायची, सगळं एका छपराखाली. आमच्या खाडीच्या तोंडापासून वर गोराईपर्यंत जेवढे कोळीवाडे, त्यांतल्या कुठल्या तरी एक-दोन ठिकाणी तो बसणार होता. आणि संघाच्या सभेत सांगितलेलं असं, की ज्या वाड्यात कारखाना बसेल तिथल्या पोरांना आधी कामावर घेणार. बर्फाच्या मशीनवर आयटीआय झालेला माणूस हवाच होता. आमच्या वाड्यात असा माणूस एकच.

आईने त्या संध्याकाळी देवीपुढे नारळ ठेवला.  तिला काय हवंय ते घरातल्या मांजरालाही कळत होतं. कारखाना इथे आला तर दादूस जमिनीवर राहील. नाहीतर आज ना उद्या तो बोटीवर जाईल. एवढी सरळ गोष्ट होती.

कारखाना कुठे आणि किती मोठा काढायचा हे ठरवण्यासाठी संघाने अंधेरीच्या एका ऑफिसला काम दिलं होतं. त्या ऑफिसातला माणूस आमच्याकडे आला. तिशीचा असेल, चष्मा, खांद्याला शबनम, राहायला मुलुंडला. दोन बस बदलून यायचा आणि आल्या आल्या रुमालाने चष्मा पुसत बसायचा. मासे खात नव्हता. माशाचं गणित करायला माणूस पाठवला तो शाकाहारी, यावर वाड्यात आठवडाभर हसू चाललं होतं. आई त्याला चहाबरोबर बटर द्यायची आणि तो बटर चहात बुडवताना आजूबाजूच्या वासाने हळूच श्वास धरायचा. पण माणूस चांगला होता. मी आज त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येत नाही, आणि चिडायला मला फार कारण लागतं अशातला भाग नाही.

तो घरोघर फिरला. प्रत्येक बोटवाल्याला एकच विचारत होता, दिवसाला मासा किती मिळतो. आमच्यात जे विचारायचं नसतं नेमकं तेच. लिलावाचा आकडा कुठे मिळेल असं त्याने विचारलं, पण आमच्याकडे तसा एक लिलाव नव्हताच. थोडा मासा बायका बाजारात न्यायच्या, थोडा बोटीवरूनच भाऊच्या धक्क्याला जायचा, थोडा दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला. खरं काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यामुळे तो ओटीवर बसून विचारायचा आणि बोटवाले एकामागून एक तोंड पाडून सांगायचे, पोटापुरतं. तो म्हणायचा, पोटापुरतं म्हणजे किती टोपल्या? मग माणूस आढ्याकडे बघायचा, खऱ्याचा निम्मा करायचा, त्यातूनही थोडा वगळायचा आणि मग सांगायचा. बाबांनी निम्म्याचाही निम्मा केला. मी समोर बसले होते. त्या हंगामात आमच्याकडे बोंबील वाळवायला बांबू पुरत नव्हते.

आता यात शहाणपण नव्हतं असं कुणी म्हणेल. अहो, वाड्यातला प्रत्येक जण मनात म्हणत होता की मी एकट्याने कमी सांगितलं तर काय बिघडतं, बाकीचे सांगतीलच की. आणि बाकीचेही तेच म्हणत होते.

दुसऱ्या खेपेला तो आला तो जरा चक्रावलेला होता. मच्छीमार सोसायटीच्या पंपावरून बोटींना डिझेल किती जातं ते त्याने पाहिलं होतं. त्याने बाबांना विचारलं, काका, डिझेल एवढं जातंय आणि मासा एवढाच कसा? मला वाटलं आता बाबा अडकले. आत दारामागे आई उभी होती, तिलाही तसंच वाटलं असणार. पण बाबांना उत्तर लगेच सुचलं. म्हणाले, हल्ली मासा आटलाय साहेब, फार लांब जावं लागतं. त्या माणसाने मान हलवली आणि लिहून घेतलं. म्हणजे आधी आमचा मासा कमी होता, आता तो कमी होऊन वर आणखी आटतही चालला. झालं, वाट लागली.

तिसऱ्या खेपेला तो सगळ्यांना एकदम काही दाखवायला आला. आमच्याच ओटीवर वाडा गोळा झाला. त्याने पिशवीतून एक प्लायवुडची फळी काढली. तिच्यावर किनाऱ्याचा नकाशा चिकटवलेला आणि प्रत्येक कोळीवाड्याच्या जागी एक भोक. प्रत्येक भोकातून एक दोरा खाली सोडलेला, आणि वरच्या बाजूला सगळे दोरे एकाच गाठीत बांधलेले. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. म्हणाला, खाली प्रत्येक दोऱ्याला त्या त्या वाड्याच्या माशाएवढं वजन टांगायचं. जिथे मासा जास्त तिथला दोरा जास्त ओढणार. सगळ्यांच्या ओढाओढीत गाठ सरकत सरकत जिथे थांबेल, तिथे कारखाना काढला तर मासा वाहून न्यायचा खर्च सगळ्यात कमी.

त्याच्याकडची वजनं कमी पडली. बाबा आत गेले आणि जाळ्याला लावायची शिशाची वजनं मूठभर घेऊन आले. अशा कामात माझे बाबा फार तत्पर. दादूस फळीखाली उकिडवा बसला आणि तो माणूस आकडे सांगेल तसं एकेका दोऱ्याला शिसं अडकवत गेला. उत्तरेकडच्या, गोराईच्या बाजूच्या वाड्यांच्या दोऱ्यांना भरपूर शिसं लागलं. तिकडचा सगळा मासा एकच व्यापारी उचलायचा आणि आकडे त्यानेच दिलेले. व्यापाऱ्याला कसली आलीये नजर. आमच्या दोऱ्याची पाळी आली तेव्हा त्या माणसाने सांगितलेला आकडा ऐकून दादूसने वर बघितलं. मग एक छोटंसं शिसं अडकवलं.

त्या माणसाने फळीवर बोटाने टिचकी मारली. गाठ हलली, आमच्याकडे यावं की नाही अशी जरा घुटमळली, आणि सरळ वर सरकत गेली, बोरिवलीच्या खाडीच्या पलीकडे.

 मग आईने आतूनच विचारलं की एकच कशाला, दोन का नाही काढत. त्याला प्रश्न आवडला. त्याने समजावलं की दोन काढले तर वाहतूक वाचते, पण सगळंच दोनदा लागतं. दोन मशीनघरं, दोन इंजिनीअर, दोन राखणदार. कारखाना जेवढा मोठा तेवढा किलोमागे खर्च कमी. आई म्हणाली, म्हणजे एका घरात दोन चुली नकोत. तो म्हणाला, अगदी बरोबर मावशी, पण दुसऱ्या चुलीवर जेवणारी माणसं भरपूर असतील तर दुसरी चूल परवडते. तुमच्या या टोकाला मासा आणखी असता, तर एक लहान कारखाना इथे, एक मोठा तिकडे, असंच गणित आलं असतं. एवढ्या माशावर येत नाही.

दादूसने तेव्हा हसत हसत आमच्या दोऱ्याला मुठीतलं सगळं शिसं लावून टाकलं. गाठ सरसर खाली आली, आमच्या अंगणात आल्यासारखी. सगळे हसले. तो माणूसही हसला, आणि मग एकेक शिसं काढून ठेवत म्हणाला की असं नाही करता येणार, आकड्याप्रमाणेच टांगायला हवं. आणि चष्मा पुसून त्याने बाबांकडे पाहिलं.

"काका, आकडा बरोबर आहे ना? अजून बदलता येईल."

तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. ओटीवर बाबांचे भाऊ, मेहुणे, शेजारपाजार, सगळे बोटवाले. प्रत्येकाला माहीत की आकडा खोटा आहे, आणि प्रत्येक जण दुसरा कुणी बोलेल म्हणून थांबलेला. बंदरात आमची बोट दिसत होती, नाळेवर दादूसचं नाव. दादूस फळीखाली बसून बाबांकडे बघत होता. आई दारात आली होती. तिने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा कोण उभं होतं ते सांगायला नको. पोरगा जमिनीवर राहावा हे तिला जिवापाड हवं होतं, पण चारचौघांत मोठ्याने आकडा सांगितल्यावर काय होतं, ते तिने एकदा भोगलेलं होतं.

बाबा म्हणाले, "हाय तेवढंच, साहेब. पोटापुरतं."

त्या माणसाने फळी दोऱ्यांसकट पिशवीत घातली आणि शिसं बाबांना परत दिलं. तो गेल्यावर ओटी रिकामी झाली. दादूसने आदळआपट केली नाही, तो त्याचा स्वभावच नव्हता. नुसतं म्हणाला, गाठ गेली ना वर बाबा. बाबा शिसं हातात घेऊन उभे होते.

"तुझ्यासाठीच केलं रं," ते म्हणाले.

कारखाना वर, खाडीपलीकडे बसला. एकच, मोठा. दादूस तिथे दोनदा जाऊन आला. बोरिवलीपर्यंत गाडी, मग बस, मग खाडी ओलांडायला तर. तिथल्या माणसाने त्याचं सर्टिफिकेट बघितलं, चांगलं आहे म्हणाला, आणि सांगितलं की इथल्या वाड्याची पोरं आधी. ते खरंही होतं, तसंच ठरलेलं होतं. मशीनवर त्यांनी आयटीआय न झालेला मुलगा घेतला आणि त्याला शिकवलं. दुसऱ्या खेपेला येताना दादूस माझ्यासाठी स्टेशनवरून भेळ घेऊन आला होता. पुडीवरचं तेल निरखत म्हणाला, मास्तरीण, तिकडचा कॉम्प्रेसर काय आवाज करतो गं, ऐकत राहावंसं वाटतं. 

त्या पावसाळ्यात बाबांचा जुना खलाशी गावाला गेला तो परत आला नाही. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, आमची काठावर. बाबा एक शब्द बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. दादूस स्वतःच उठला. आईला म्हणाला, एक हंगाम गं, खलाशी मिळेपर्यंत. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती, तिने वळून बघितलं नाही. त्याने मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि बराच वेळ तसाच राहिला. मग ती म्हणाली की भात निवतोय, जेवून घे.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. स्वच्छ सकाळ. समुद्र असा शांत की त्या दिवशी समुद्राला दोष द्यायला काही जागाच नाही. जाळं ओढताना दोराचा वेढा त्याच्या पायात पडला आणि जाळ्याच्या वजनाने त्याला खेचून नेलं. मुरलेला खलाशी दोराच्या वेढ्यात पाय ठेवत नाही, ते लहानपणीच अंगात भिनतं. आईने त्याच्या अंगात ते भिनूच दिलं नव्हतं. बाबा सुकाणूवर होते. त्यांनी बोट थांबवली, ते आणि दुसरे दोन खलाशी अशा तिघांनी मिळून जाळं ओढलं. जाळं हलता हलेना, कारण त्यात पापलेट ठासून भरलेली होती. माशांबरोबर दादूस वर आला.

बोट बंदराला लागली तेव्हा कुणी "बरं ना?" विचारलं नाही. मी कॉलेजातून येत होते. लांबून बायका दिसल्या, त्यांच्यामधून वाट होत गेली, आणि आई वाळूत बसलेली दिसली. ती रडत नव्हती. त्याच्या नखांतलं ग्रीस स्वतःच्या पदराने पुसत होती. निघत नव्हतं ते. मला त्यानंतर कितीतरी वर्षं ग्रीसचा वास आला की रस्त्यात थांबावं लागायचं. आजही लागतं.

बाबा पुढचे काही महिने घरात बसून राहिले. मग एक दिवस बोट घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी नवीनच सुरू केलं. बोट लागली की नाळेवर उभे राहून, कुणी विचारलेलं नसताना, किती टोपल्या बोंबील, किती कोलंबी, किती मांदेली, सगळं खरं खरं मोठ्याने सांगायचे. बंदरावरच्या बायका तोंड फिरवायच्या. म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची. काका लोक घरी येऊन आईला म्हणाले, वहिनी, त्याला आवर, येडा झालाय तो. आई म्हणाली, बोलू द्या. आता कुणाला लागायचीये नजर. मी खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि बाबांचा तो फाटका आवाज ऐकू यायचा, सगळ्या वाड्याला आकडे सांगणारा. ऐकायला नको तो माणूस ऐकायचा आणि ज्याने लिहून घ्यायचं तो कधीच येऊन गेलेला.

तो पुन्हा आला मात्र. दोन-एक वर्षांनी असेल. वरचा कारखाना पुरा पडेना, गरमीत मासा तिथपर्यंत टिकेना, म्हणून आमच्या टोकाला नुसता बर्फाचा लहान कारखाना काढायचं संघाच्या मनात आलं होतं, आणि पाहणीला तोच मुलुंडचा माणूस. केस थोडे पिकलेले, शबनम तीच. ओटीवर टेकता टेकता त्याने हसून विचारलं की आमचे मेकॅनिक कुठे आहेत. बाबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. हार ताजा होता, आई रोज घालायची.

 आईने चहा आणला, बटर आणलं, त्या माणसाने हात लावला नाही. मग चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाला की मी नंतर येतो. बाबा म्हणाले, नाही, बसा, लिहा. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. भादव्यात किती, आश्विनात किती, थंडीत बोंबील किती, उधाणाला किती, भांगेच्या मंद पाण्याला किती. डिझेलचंही खरं सांगितलं, जवळच मासा मिळतो म्हणून सांगितलं. भावांच्या बोटींचंही सांगितलं, आणि ओटीच्या कडेला बसलेल्या भावांपैकी कुणी नाही म्हटलं नाही. त्या माणसाचं पेन मध्ये थांबलं. त्याला मागचा आकडा आठवला असणार, आणि फळीवरची गाठही. पण तो मान खाली घालून लिहीत राहिला. त्या आकड्यांवर पुढे बर्फाचा कारखाना खरंच आला, आमच्या बंदराला लागून. वाड्यातली दुसरी पोरं तिथे कामाला लागली. त्याची घरघर आमच्या घरात ऐकू यायची आणि ती सुरू झाली की आई खिडकी लावून घ्यायची.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मासा लिहून संपला, तेव्हा त्याने कागद उलटला आणि शेवटचं म्हणून, खालच्या आवाजात विचारलं की घरातून पाण्यावर माणसं किती जातात.

"दोघं," बाबा लगेच म्हणाले. "मी आणि पोरगा."

माझे काका खाली बघू लागले. त्या माणसाने पेन उचलून धरलं होतं, ते टेकवायचं त्याला धैर्य होईना. दारातून आई बाहेर आली. ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली, सगळ्यांसमोर, जे ती एरवी कधी करत नसे.

"आता तरी खरं सांगा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग बंदराकडे. बोट तिथेच होती, नाव तसंच. 

"एक," ते म्हणाले. "लिहा साहेब. एक."